घोळीचे भोत : एका विसरलेल्या व्यापाराचा इतिहास

ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आपल्या ज्ञातीच्या दर्यावर्दी पराक्रमाविषयी, देवस्थानांविषयी आणि लग्नविधींविषयी या स्मरणिकेत वेळोवेळी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या धंद्यावर आपल्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या, त्या धंद्यातील मालाचा इतिहास मात्र आपण क्वचितच सांगतो. म्हणून यंदा एका अगदी लहानशा, हातावर मावणाऱ्या वस्तूची कथा सांगण्याचे मी योजिले आहे. ती वस्तू म्हणजे घोळ माशाच्या पोटातील भोत.

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यातील मुरबे येथील एका नावेला एकाच फेरीत दीडशेहून अधिक घोळ मासे लागले व लिलावात त्यांचे एक कोट तेहतीस लाख रुपये आले, अशी बातमी वृत्तपत्रांत झळकली. ज्ञातीतील घराघरांत त्या बातमीची चर्चा झाली. एवढी किंमत मांसाची नव्हे, पोटातील भोताची, हे आपणा सर्वांस ठाऊक होते. परंतु हे भोत कोण घेतो, कशासाठी घेतो, आणि किती शतकांपासून घेतो, असे एका शाळकरी नातवाने मला विचारले तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते येथे थोडक्यात मांडतो.

भोत म्हणजे काय?

बहुतेक हाडवंत माशांच्या पोटात, पाठीच्या कण्याखाली, हवेने भरलेली एक पिशवी असते. शास्त्रीय ग्रंथांत तिला वाताशय म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर कोणी भोत म्हणतात, कोणी बोत. या पिशवीतील हवा कमीअधिक करून मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर श्रमाविना तरंगत राहतो. घोळ, कोथ आणि त्यांच्या भाऊबंदांमध्ये या पिशवीचे आणखी एक काम असते. पिशवीलगतचे स्नायू झपाट्याने आकुंचन पावून तिला कंप देतात आणि त्यातून ढोलासारखा घुमणारा आवाज निघतो. विणीच्या हंगामात थवे जमतात तेव्हा हा आवाज पाण्याबाहेरही ऐकू येतो.

सर्वच माशांचे भोत विकले जात नाही. पुष्कळांची पिशवी इतकी पातळ असते की वाळवली असता कागदासारखी होते. किंमत येते ती जाड भिंतीच्या, चिवट पिशवीला. घोळीचे भोत गाजराच्या आकाराचे असून त्याच्या दोन्ही कुशींना झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असतात. कोथ, दाढा, वाम आणि शिंगाळा यांचेही भोत व्यापारात चालते. पण घोळीचा मान पहिला. त्यातही नराच्या भोताला मादीच्या भोताहून अधिक दर मिळतो आणि एकेक नग जितका वजनदार तितका त्याचा शेरामागचा भाव चढतो. या शेवटच्या नियमाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण पुढे सांगावयाच्या अनर्थाचे मूळ त्यातच आहे.

या भोतापासून शस्त्रक्रियेचे टाके घालण्याचा दोरा होतो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते व छापलेही जाते. या व्यापाराचा इतिहास पाहिला तर मागणीची दोन मोठी कारणे निराळीच दिसतात : एक चिनी लोकांचे भोजन आणि दुसरे इंग्रजांचे मद्य.

चीनचे ताट

चीनमध्ये भोत खाण्याची चाल फार जुनी आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकात जिया सिश्ये नावाच्या अधिकाऱ्याने शेती व पाकक्रिया यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तीन प्रकारच्या माशांची आतडी, पोट व भोत स्वच्छ धुऊन, मीठ लावून, उन्हात मुरवण्याची कृती दिली आहे. हान वंशाचा वू नावाचा सम्राट शत्रूचा पाठलाग करीत समुद्रकिनारी आला, तेथे त्याला एक सुवास आला, आणि कोळ्यांनी खड्ड्यात माती झाकून मुरत ठेवलेला हा पदार्थ त्याने चाखला, अशी दंतकथाही त्यासोबत सांगितली आहे. दंतकथेतही राजाच्या आधी हा पदार्थ कोळ्यांना ठाऊक होता, हे आपण ध्यानात ठेवावे.

त्या तीन माशांतील पहिल्याचे चिनी नाव ‘डोक्यात दगड असलेला मासा’ असे आहे. ज्या ज्ञातिभगिनींनी आपल्या हाताने घोळीचे डोके फोडले आहे, त्यांना हे नाव ऐकताच आतील दोन पांढरे खडे आठवतील. तो मासा घोळीच्याच कुळातला. समुद्र वेगळा, भाषा वेगळी. पण मासा ओळखण्याची खूण मात्र तीच.

पुढे दक्षिण चीनमध्ये, विशेषतः कँटन प्रांतात, वाळवलेले भोत हा मेजवानीचा पदार्थ ठरला. तेथे समुद्रातील चार थोर पदार्थांची एक चौकडी मानतात : अबालोन नावाचा शिंपला, समुद्रकाकडी, मुशीचे पंख आणि भोत. भोताला स्वतःची अशी फारशी चव नसते. ते रात्रभर भिजवून, मंद आचेवर शिजवून, रश्शात घातले असता मऊ व लुसलुशीत होते आणि रस्सा दाट होतो. बाळंतिणीस व अशक्त माणसास ते पौष्टिक, अशीही तेथील समजूत आहे. आपल्याकडे डिंकाच्या लाडवांना जे स्थान, तेच त्यांच्याकडे भोताच्या रश्शाला. याखेरीज मोठे व जुने भोत सोन्यासारखे जपून ठेवण्याची, आणि मानाची भेट म्हणून देण्याचीही तेथे रीत आहे.

मुंबई बंदर आणि कँटन

एवढी मागणी चीनच्या समुद्रातून भागेना, तेव्हा चिनी व्यापाऱ्यांनी परदेशांकडे दृष्टी वळवली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई आणि कँटन यांच्यामधील जहाजवाहतूक वाढत गेली. मुंबईहून कापूस व पुढे अफू जाई. तिकडून चहा, रेशीम, साखर व चिनी मातीची भांडी येत. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी याच मार्गावर अनेक सफरी करून आपले ऐश्वर्य उभारले. कापसाच्या गासड्यांबरोबर या जहाजांतून मुशीचे वाळवलेले पंख आणि माशांची भोतेही जात. विल्यम मिलबर्न यांनी पूर्वेकडील व्यापारावर १८१३ साली लंडनमध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात व्यापारी मालांमध्ये भोतांचाही समावेश केला आहे.

म्हणजे आजपासून दोनशे वर्षांहून अधिक काळ आपल्या किनाऱ्यावरचे भोत दक्षिण चीनच्या ताटात पडत आहे. तो मासा कोणी पकडला? दालदी कोणी टाकली? पोट चिरून, भोत अखंड बाहेर काढून, त्यावरील रक्ताचे पापुद्रे सोलून, ते धुऊन, वाऱ्यावर कोणी वाळवले? व्यापाऱ्यांची नावे इतिहासात आहेत, जहाजांची नावे आहेत, कप्तानांची आहेत. मासा मारणाऱ्याचे व भोत वाळवणारीचे नाव मात्र कोठे सापडत नाही. मालाची नोंद झाली, माणसाची झाली नाही.

हे काम मोठ्या कौशल्याचे असते. सुरी जरा खोल गेली की भोताला भोक पडते आणि दर उतरतो. धुण्यात रक्त राहिले तर वाळल्यावर डाग दिसतात. कडक उन्हात घाईने वाळवले तर भोत वेडेवाकडे आखडते. पावसाळी हवेत ठेवले तर बुरशी धरते. आमच्या घरी हे काम आजीकडे असे. वाळलेले भोत ती उजेडाकडे धरून पाही. आरपार स्वच्छ पिवळट प्रकाश दिसला तरच ते चांगल्या मालात टाकी. ती कधी शाळेत गेली नव्हती. पण ‘हे कुठे जाते?’ असे मी विचारले की ती समुद्राकडे हात करून ‘चिन्यांकडे’ म्हणे. एवढीच तिला या व्यापाराची माहिती. दराची माहिती तिला कोणी दिली नव्हती, आणि तिने ती मागितलीही नव्हती.

इंग्रजांचे मद्य

दुसरे गिऱ्हाईक इंग्रज. बार्लीपासून केलेली बिअर आंबवल्यानंतर यीस्टच्या कणांमुळे गढूळ राहते. भोत पाण्यात व सौम्य आम्लात भिजवून केलेला द्राव तीत घातला की ते कण एकमेकांस चिकटून तळाशी बसतात व वरची बिअर काचेसारखी स्वच्छ होते. या कामी वापरल्या जाणाऱ्या भोताला युरोपात आयसिंग्लास म्हणत. पूर्वी ते रशियातील नद्यांतल्या स्टर्जन माशाचे येई व फार महाग पडे. वाफेच्या यंत्रावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले विल्यम मर्डॉक यांनी १७९५ साली कॉड माशापासून त्याला स्वस्त पर्याय शोधून दिला, आणि लंडनच्या मद्य उत्पादकांनी त्याबद्दल त्यांना दोन हजार पौंड दिले. यावरून या वस्तूची तिकडे केवढी किंमत होती, हे ध्यानात येईल.

पुढे इंग्रजांचे लक्ष हिंदुस्थानच्या किनाऱ्यांकडे गेले. कलकत्त्याचे जॉन मॅक्लेलंड यांनी १८३९ साली बंगालच्या खाडीतील दाढा-रावसाच्या कुळातल्या माशापासून आयसिंग्लास काढता येईल, असे लिहिले. तोच धागा पकडून डॉ. जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८४२ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरील आयसिंग्लासच्या उत्पादनावर एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. हा माल चिनी लोक आधीपासूनच येथून नेत आहेत, तो अधिक काळजीपूर्वक स्वच्छ करून तयार केला तर युरोपातही खपेल, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. पुढे लंडनच्या बाजारात पेनांग, सायगाव, मुंबई व कराची अशा बंदरांच्या नावांनी भोताच्या प्रती ओळखल्या जाऊ लागल्या. मुंबईचे नाव मालाला मिळाले. मालाच्या मागील वस्तीचे नाव तेथेही कोणास ठाऊक नव्हते.

किंमत चढते, मासा संपतो

येथवरचा इतिहास वाचून कोणास वाटेल की, मागणी आहे, दर आहे, मग चिंता कशाची? आता याच कुळातील दोन माशांची हकीकत ऐकावी.

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मोठ्या नद्यांच्या मुखांशी, बहाबा नावाचा प्रचंड मासा राही. तो दीड-दोन मीटर लांब व शंभर किलोपर्यंत वजनाचा होई. शास्त्रज्ञांनी त्याचे शास्त्रीय वर्णन १९३२ साली केले. परंतु कोळ्यांना तो शतकानुशतके परिचित होता. त्याच्या भोताला सर्वांत अधिक मोल. जसजसा मासा विरळ झाला, तसतसा दर चढला; आणि दर चढला म्हणून उरलेल्या एकेका माशासाठीही नावा हिंडू लागल्या. अन्य माशांच्या बाबतीत माल कमी झाला की खर्च परवडत नाही व मासेमारी आपोआप थांबते. येथे तसे झाले नाही, कारण वर्षातून एक मासा मिळाला तरी खर्च भरून निघे. चीन सरकारने १९८९ साली त्याला संरक्षण दिले. तोवर फार उशीर झाला होता. आज हा मासा नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. या जातीची मादी लाखो अंडी घालते. तरीही तिचा वंश टिकेना, ही गोष्ट ‘दर्या कधी आटत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी विचारात घ्यावी.

दुसरी हकीकत मेक्सिकोची. तेथील कॅलिफोर्नियाच्या आखातात तोतोआबा नावाचा, घोळीच्याच कुळातील, दोन मीटरपर्यंत वाढणारा मासा आहे. जगात अन्यत्र तो कोठेच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी चिनी व्यापाऱ्यांनी त्याचे भोत विकत घेण्यास सुरुवात केली. आरंभी आरंभी भोत काढून घेऊन मासा किनाऱ्यावर तसाच टाकून देत. पुढे मांसही अमेरिकेत खपू लागले. १९४२ साली दोन हजार टनांहून अधिक तोतोआबा पकडले गेले. १९७५ साली हा आकडा साठ टनांच्याही खाली आला, आणि त्याच वर्षी मेक्सिको सरकारने संपूर्ण बंदी घातली. कोलोरॅडो नदीवर धरणे झाल्याने तिच्या मुखाशी गोडे पाणी पोचेनासे झाले, हेही ऱ्हासाचे एक कारण सांगतात. बंदीनंतर काही काळ शांतता होती. परंतु बहाबा दुर्मीळ झाल्यावर चीनच्या बाजाराने तोतोआबाच्या भोताला त्याची जागा दिली आणि २०११-१२ च्या सुमारापासून चोरटी मासेमारी पुन्हा उसळली.

याचा भोग मात्र एका तिसऱ्याच जिवाला भोगावा लागला. त्याच आखातात व्हाकिता नावाचा, डॉल्फिनच्या नातलगांपैकी एक अत्यंत लहान, लाजाळू सस्तन जलचर राहतो. शास्त्राला त्याची ओळख १९५८ साली झाली. तोतोआबासाठी लावलेल्या जाळ्यांत अडकून तो श्वास कोंडून मरतो. १९९७ साली त्यांची संख्या सुमारे सहाशे होती. आता ती दहाच्या आसपास उरली आहे. ज्याच्या पोटात विकण्यासारखे काहीही नाही, असा प्राणी दुसऱ्याच्या पोटातील भोतापायी नष्ट होत आहे.

यात तेथील कोळ्यांना खलनायक ठरविणे योग्य होणार नाही. गरीब वस्तीतील माणसाला एका रात्रीत वर्षाची कमाई दिसली तर तो जाळे टाकणारच. दर ठरविणारे दूर बसलेले असतात, माल त्यांच्याकडे जातो. धोका आणि तुरुंग कोळ्याच्या वाट्याला येतात, आणि मासा संपला की उपासमारही त्याच्याच.

आपल्या घोळीचे काय?

आपल्या किनाऱ्यावर बहाबाची पाळी आली आहे, असे मी म्हणत नाही. परंतु ज्ञातीतील वृद्ध मंडळी एकमुखाने सांगतात की, पूर्वी घोळ व कोथ यांचे थवेच्या थवे लागत. आता एखादी मोठी घोळ लागली तर वृत्तपत्रात बातमी येते. ज्या गोष्टीची बातमी होते ती नित्याची राहिलेली नसते, हे उघड आहे. घोळ मासा थव्याने एका जागी जमतो, मोठ्याने आवाज करतो, आणि मोठा होण्यास वर्षे घेतो. पूर्वी चीनचे कोळी पाण्यात बांबूची नळी बुडवून तिला कान लावीत आणि थव्याचा आवाज ऐकून जाळी टाकीत, असे सोळाव्या शतकातील चिनी लेखक त्येन रुछंग यांनी लिहून ठेवले आहे. आजच्या यंत्रांना कान लावण्याचीही गरज उरलेली नाही. एकदा थवा सापडला की सारा थवा एका जाळ्यात येतो, आणि त्याबरोबर पुढची वीणही.

गुजरात सरकारने २०२३ साली घोळ हा आपला राज्यमासा म्हणून घोषित केला. महाराष्ट्राने त्याच वर्षी पापलेटला तो मान दिला. मान देणे चांगलेच. पण मानाने मासा वाढत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर हीच घोळ निराळ्या नावाने ओळखली जाते. भोताचा दर तेथे पोचताच मासेमारी एकाएकी वाढली. तेव्हा क्वीन्सलंड राज्याने २०१९ साली आपल्या पूर्व किनाऱ्यावर व्यापारी मासेमारीसाठी वर्षाला वीस टनांची मर्यादा घातली. ती भरली की घोळ पकडणे बंद.

त्याहूनही मला महत्त्वाची वाटते ती त्याच राज्याच्या उत्तर टोकावरील इंजिनू या आदिवासी वस्तीची गोष्ट. आपल्या किनाऱ्याशी जमणाऱ्या थव्यांत मोठे मासे दिसेनासे झाले आहेत व लहानच लागत आहेत, हे त्या लोकांच्या ध्यानात आले. तेव्हा या शतकाच्या आरंभी त्यांनी आपल्या ज्येष्ठांच्या विचाराने हा मासा दोन वर्षे पकडावयाचा नाही, असे ठरविले. हा निर्णय सरकारने वरून लादलेला नव्हता. ज्यांचा मासा होता त्यांनीच तो घेतला.

आपल्या ज्ञातीला ही रीत परकी नाही. पावसाळ्यात नावा शाकारून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून जाळे पाण्यात घालावयाचे नाही, हा दंडक कोणत्याही सरकारी बंदीच्या आधी आपल्या पूर्वजांनी घातला होता. गावकीने ठराव केला की तो मोडण्याची कोणाची छाती नसे.

म्हणून या निमित्ताने ज्ञातिमंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली : हातभर लांबीची पोर-घोळ जिवंत लागली तर ती पाण्यात सोडावी, तिच्या भोताला नगण्य दर मिळतो आणि तिला वाढू दिली तर पुढे तीच लाखमोलाची होते. दुसरी : विणीचा थवा सापडला तर सगळा उपसू नये, याविषयी बंदराबंदरांतील संस्थांनी एकत्र बसून आपल्या आपण नियम करावा. तिसरी : भोताचे दर व्यापाऱ्याच्या तोंडून न ऐकता आपल्या सहकारी संस्थांनी ते दरवर्षी नोंदवून ठेवावेत, म्हणजे माल कोणाचा आणि नफा कोणाचा, हे पुढील पिढीला तरी कळेल.

याबरोबरच एक विनंती घरोघरच्या तरुणांस आहे. आपल्या आजीला, आईला, आत्याला विचारा : भोत कसे काढीत, कसे वाळवीत, कोण नेई, काय दर देई, घोळ कोणत्या महिन्यात कोठे लागे. जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा व मंडळाकडे आणून द्या. मिलबर्न आणि रॉयल यांनी मालाचा इतिहास लिहिला; माणसांचा इतिहास आपल्यावाचून कोणी लिहिणार नाही. माझ्या आजीला मी पुरते विचारले नाही, ही खंत मला आहे. ती भोत उजेडाकडे धरून काय पाहत असे, हे मला ठाऊक आहे. पण तिने एकंदर किती भोते वाळविली, त्यांचे तिला काय मिळाले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

दर्यादेवतेची कृपा ज्ञातीवर अखंड राहो आणि आपल्या नातवंडांनाही घोळीचा ढोल ऐकू येवो, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.